वसाहतकाळातील अमेरिकी घरांसारखे लाकडी छप्पर : पट्ट्या हाताने कशा फाडाव्यात

१६२० मध्ये अमेरिकेत प्लिमथला आलेल्या इंग्रजांनी मायदेशाच्या रिवाजाप्रमाणे घरे गवताने शाकारली, पण जानेवारी १६२१ मध्येच त्यांच्या सामायिक घरावर ठिणगी पडून छप्पर पेटले. पुढे १६२७ मध्ये प्लिमथ वसाहतीने नव्या घरांवर गवत घालण्यास मनाई केली. १६३१ मध्ये बॉस्टनने गवताबरोबर लाकडी धुराड्यांवरही बंदी आणली. लाकूडही जळतेच, परंतु वाळक्या गवताइतक्या झपाट्याने नाही, आणि जंगल तर दाराशीच होते. त्यामुळे सीडर, पाइन व ओकच्या फाडलेल्या पट्ट्यांनी, म्हणजे शिंगलांनी, गवताची जागा घेतली.

अशा पट्ट्या करण्यासाठी सरळ वाढलेल्या, गाठी नसलेल्या झाडाचा ओला ओंडका निवडावा. सालीवरच्या रेषा पिळवटलेल्या दिसल्या, तर तो ओंडका बाजूला ठेवलेला बरा. करवतीचे काम १८ इंचांचे तुकडे पाडण्यापुरतेच आहे. त्यानंतर लाकूड फाडायचे, चिरायचे नाही. कारण करवत लाकडाचे तंतू आडवेतिडवे तोडते आणि त्या उघड्या टोकांतून पाणी आत शिरते, तर फाडलेल्या पट्टीवर तंतू अखंड राहतात व पाणी त्यांच्या दिशेनेच खाली ओघळते.

तुकड्याचे पाचरीने चार भाग करून मधला गाभा आणि सालीलगतचे कोवळे, लवकर कुजणारे लाकूड काढून टाकावे. फाडण्याच्या हत्याराला फ्रो म्हणतात. त्याचे पाते लांब व बोथट असून लाकडी मूठ त्याच्याशी काटकोनात उभी असते. पाते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेवर ठेवून मोगरीने ठोकावे, मग मूठ ओढून फट रुंदावावी. प्रत्येक वेळी तुकड्याचे बरोबर दोन भागच करावेत. फट एका बाजूला सरकू लागल्यास जाड भाग खालच्या बाजूस घेऊन तोच हाताने दाबून वाकवावा, म्हणजे फट त्याच्याकडे वळून पुन्हा मध्यावर येते. लाकूड चरचरत उघडते आणि आतला ओलसर, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो, तेव्हा आपला ओंडका योग्य होता हे कळते. शेवटी दोन मुठींच्या ओढसुरीने वरचे टोक निमुळते करावे. खालचे साधारण अर्धा इंच जाड ठेवावे.

छपराचा उतार ४५ अंशांच्या आसपास असावा आणि पट्ट्यांना खालून हवा लागावी म्हणून त्या अंतर ठेवून मारलेल्या रिपांवर बसवाव्यात. काम वळचणीकडून वर न्यावे व पहिली ओळ दुहेरी घालावी. प्रत्येक पट्टीचा सुमारे ५ इंचच भाग उघडा ठेवल्यास छपरावर सर्वत्र तीन थर होतात. लाकूड फुगते, म्हणून शेजारच्या पट्ट्यांत थोडी फट सोडावी. मात्र ती खालच्या ओळीतील फटीपासून किमान दीड इंच सरकलेली असावी. प्रत्येक पट्टीला दोनच खिळे पुरतात, आणि ते वरच्या ओळीखाली झाकले गेले पाहिजेत. आढ्यावर जुने कारागीर वाऱ्याच्या बाजूची शेवटची ओळ दुसऱ्या पाखेच्या पुढे थोडी उंच काढत, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्या सांध्यात घुसत नसे.