झाकणाखालची पिवळी साय: इंजिन ऑइलमधलं पाणी ओळखायला शिकताना

गॅरेजच्या कामाला लागून मला आठ महिने झाले होते. सर्व्हिसिंगला आलेल्या एका पेट्रोल गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पिवळसर, घट्ट साय चिकटलेली. मी लगेच सांगून टाकलं, हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरतंय. माझ्या बोलण्यावर विसंबून हेड उतरवलं गेलं. गॅस्केट शाबूत होतं. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज घालून पाहिलं, तर हेडही सरळ. त्या गाडीतलं कूलंट जराही उतरलेलं नव्हतं आणि तेवढी एक गोष्ट मी हेड खोलायच्या आधी पाहिली नव्हती. मालकाचं विनाकारण नुकसान झालं, ते मला आजही लागतं. या कामात नव्याने येणाऱ्यांनी तीच चूक करू नये म्हणून हे लिहितोय.

ती साय आली कुठून? पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरते. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (चेंबरमधली वाफ आणि वायू बाहेर जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वाटेने पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, ओढली जाते. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ऑइल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं. ऑइलला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मग ही वाफ इंजिनच्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणाला आणि टॅपेट कव्हरला, जाऊन बसते आणि ऑइलशी घुसळून तिची साय होते. थंडीच्या दिवसांत हे जास्त दिसतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप तुंबला असेल तर बाराही महिने दिसतं.

म्हणून आता झाकण दुधाळ दिसलं की मी आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढतो. झाकणाला साय पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, कूलंट जागच्या जागी, तर मालकाला एकच विचारतो, गाडी रोज किती चालते? उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं. झाकण पुसायचं, पीसीव्हीची वाट मोकळी आहे का बघायचं आणि गाडी तासभर सलग चालवून आणायला सांगायचं. साय परत आली नाही, तर विषय तिथेच संपला.

डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरू करू नका. ढकलून आत घ्या. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो पाण्याने तुटतो, आणि तशा अवस्थेत इंजिन फिरवलं तर गॅस्केटचं काम क्रँकपर्यंत जातं.

अशा वेळी मी गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवतो. सकाळी इंजिन सुरू न करता खाली स्वच्छ पारदर्शक भांडं ठेवतो आणि चेंबरचा नट हळूहळू सैल करतो. शेवटच्या आट्यांवर आला की बोटाने आत दाबून धरायचा आणि नुसता किंचित ढिला सोडायचा. अर्धं कूलंट-अर्धं पाणी या मिश्रणाची घनता १.०७ च्या आसपास असते, ऑइलची ०.८७ च्या. त्यामुळे रात्रभरात मोकळं कूलंट तळाशी बसतं आणि नटाच्या कडेने आधी तेच येतं. पातळ, हिरवं किंवा गुलाबी, जसं टाकीत असेल तसं. बोटाला ऑइलसारखं चिकटत नाही, पाण्यासारखं ओघळतं. दोन-चार चमचे गेले की मग काळं ऑइल सुरू होतं. हा रंग एकदा डोळ्यांनी पाहिला की शंका राहत नाही. मात्र पूर्ण घुसळून एकजीव झालेलं पाणी रात्रीत खाली बसत नाही, त्यामुळे नुसतं ऑइलच आलं म्हणून गाडी निर्दोष ठरवू नका. आणि चव घेऊन पाहायचं खूळ कुणी शिकवलं तर ऐकू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल गोड लागतं आणि ते विष आहे. सांडलेलं कूलंट जनावरं चाटतात, म्हणून फरशीही लगेच पुसायची.

ऑइलमध्ये पाणी आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर तडतड चाचणी सोपी आहे. साधारण १६० अंशांवर तापलेल्या हॉटप्लेटवर ऑइलचा एक थेंब टाकायचा, डोळ्यांवर चष्मा लावून. हजारात एक भाग पाणी असलं तरी थेंबात बारीक बुडबुडे उठतात आणि तडतडतं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकला की फरक कानालाच कळतो. उघड्या ज्योतीवर हे करू नका. पण पाणी वाफेचं की कूलंटमधलं, हे ही चाचणी सांगत नाही.

आणि काही वेळा ती गप्प राहते. हे मी एका डिझेल गाडीवर शिकलो. दर पंधरा दिवसांनी कूलंट भरावं लागायचं आणि बाहेर कुठे गळती नव्हती. ऑइल काळंकुट्ट, दुधाळपणा नावाला नाही, हॉटप्लेटवर आवाज नाही. कारण ती गाडी लांबच्या फेऱ्या मारायची. गरम ऑइलमधून पाणी उडून जात होतं, पण ग्लायकोल सुमारे १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे ते मागे राहत होतं. ग्लायकोल ऑइलमध्ये राहिलं की ऑइल घट्ट होतं, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती बेअरिंगच्या धातूला खातात. त्या गाडीचा ऑइल फिल्टर कापला तर कागदाच्या घड्यांमध्ये काळा, जेलीसारखा चिखल अडकलेला होता.

आमच्या उस्तादांनी रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर पंप लावला. (इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं.) झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच द्यायचा, त्याच्या वर जायचं नाही. दहा मिनिटं काटा हलला नाही. मी पंप काढायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, सकाळी बघू." सकाळी काटा अर्ध्यावर होता. मग ऑइल काढून चेंबर खाली उतरवलं, पुन्हा दाब दिला आणि टॉर्च घेऊन आम्ही दोघं गाडीखाली पडलो. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) कडेने थेंब आला तर लायनरची सील किंवा वरचं गॅस्केट, पुढून आला तर टायमिंग कव्हर किंवा वॉटर पंप. तिथे मात्र सगळं कोरडं. फिल्टर काढला, तर त्याच्या बैठकीतल्या भोकातून थेंब जमत होता. ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग, फुटला होता. हेडला हातही लावावा लागला नाही.

कूलरची एक गोष्ट नव्या मुलांना चक्रावते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरतं आणि टाकीत तवंग येतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, कूलंटचा मात्र गरमीमुळे काही वेळ टिकून राहतो, आणि मग वाहण्याची दिशा उलटते.

निळ्या द्रावणाची चाचणी बरेच जण करतात. टाकीतली हवा त्या द्रावणातून खेचली आणि रंग पिवळा झाला, तर सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय. तेव्हा गॅस्केट किंवा हेडला तडा, हे बऱ्यापैकी पक्कं. पण रंग निळाच राहिला म्हणून गॅस्केट निर्दोष ठरलं असं नाही. ते ऑइल आणि कूलंटच्या वाटांमध्ये फाटलं असेल तर सिलिंडरचा संबंधच येत नाही. कुठला सिलिंडर हे बघायला मी पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरतो आणि टाकीत बुडबुडे येतात का बघतो. एंडोस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) असेल तर आत डोकावावं. पाणी शिरणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा लख्ख असतो.

ऑइलची पातळी वाढली की लगेच कूलंटवर संशय घेऊ नका. डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) साफ होण्याचं चक्र वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. तरीही ठरत नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि सोबत त्याच ऑइलचा कोरा नमुनाही द्या. कूलंटमधल्या गंजरोधकांमुळे सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं दिसतं, पण काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असतं, म्हणून तुलना लागते.

दुरुस्तीनंतर एका ऑइल बदलावर थांबू नका. योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून इंजिन न ताणता गरम करा, गरम असतानाच ऑइल काढा, आणि निघणारं ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करा. डिझेल ओतून इंजिन धुणं मला पटत नाही, आधीच दुखावलेल्या बेअरिंगांना तेवढ्या वेळात वंगण मिळत नाही. त्या डिझेल गाडीला तीन वेळा ऑइल बदलावं लागलं. शेवटी थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारली आणि मालकांना आठवड्याने, इंजिन थंड असतानाच, बघायला सांगितलं. आठवड्याने ते आले तेव्हा कूलंट रेघेवरच होतं.