किनाबालू चढायचा, त्याहून नीट उतरायचा

बोर्निओ बेटावरचं सर्वांत उंच शिखर म्हणजे मलेशियाच्या साबा राज्यातला किनाबालू, उंची ४०९५ मीटर. गिर्यारोहणाचं तंत्र यावं लागत नाही, दमसास असला की पुरे. पण कळसूबाई सहज केली म्हणजे हेही होईल, हा हिशेब चुकतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर, तर किनाबालूची पायवाट सुरू होते ते टिंपोहोन गेटच १८६६ मीटरवर. तिथून ८.७ किलोमीटरमध्ये २२२९ मीटर चढायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच उतरायचं.

विमानाचं तिकीट काढण्याआधी परमिट पक्कं करा. रोज किती जणांना सोडायचं ते ठरलेलं असतं आणि वर पानालाबानला, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या ठिकाणी, खाट असेल तरच परमिट मिळतं. गाइड सक्तीचा. गळ्यात मिळणारं ओळखपत्र चौक्यांवर दाखवावं लागतं, ते सॅकच्या तळाशी कोंबू नका. आदली रात्र कोटा किनाबालू शहरात समुद्रसपाटीला न काढता किनाबालू उद्यानाच्या मुख्यालयाजवळ काढा. तिथली साधारण दीड हजार मीटरची उंची अंगवळणी पडायला मदत करते.

पहिल्या दिवशी ६ किलोमीटर, चार ते सहा तास. सकाळी लवकर निघा, दुपारी पाऊस गाठतो. वाट जवळजवळ सगळी पायऱ्यांची, कुठे लाकडी, कुठे दगडी, आणि उंची एकसारखी नाही. वाटेतल्या निवाऱ्यांत पाण्याच्या टाक्या आहेत, पण पाणी शुद्ध केलेलं नसतं. दीड लिटर बरोबर घ्या, पुढे टाकीचं पाणी क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून प्या. चौथ्या किलोमीटरच्या लायांग-लायांगनंतर झाडं बुटकी होतात आणि कडेला घटपर्णी, म्हणजे सुरईसारख्या पानांत कीटक पकडणाऱ्या वनस्पती, दिसू लागतात. त्यांच्या सुरया बोटांनी चाचपू नका.

पानालाबान ३२७२ मीटरवर. डोकं ठणकतंय, मळमळतंय आणि विश्रांती घेऊनही थांबत नाही, तर माथा सोडून द्या. विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरणं हाच खात्रीचा इलाज.

रात्री अडीचच्या सुमारास निघायचं. सुती टीशर्ट नको: घामाने भिजतो, वारा लागला की अंग गार पडतं, आणि वर तापमान शून्याजवळ जातं. सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. हातमोजे पकड असलेले हवेत, कारण उघड्या ग्रॅनाइटवर पांढरा दोर धरून चढावं लागतं. दोर मनगटाला गुंडाळू नका. पाय सुटला तर हात पिरगळतो. इथे काठ्या मिटून सॅकला बांधा. हेडटॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात ठेवा, थंडीत लवकर बसतात.

३६६८ मीटरवरची सायात-सायात चौकी वेळेत ओलांडावी लागते. उशीर झाला किंवा पाऊस वाढला तर परत पाठवतात, कारण ओला ग्रॅनाइट घसरडा होतो आणि पाण्याचे लोट थेट वाटेवर येतात. तिथे गाइडशी वाद घालू नका. चपळ मंडळींची चूक उलटी असते: सूर्योदयाच्या तासभर आधीच माथा गाठतात आणि काकडत बसतात. चौकीनंतर गती मुद्दाम कमी करा.

खरी परीक्षा त्यानंतर. माथ्यावरून पानालाबान, तिथे नाश्ता, आणि त्याच दिवशी उरलेल्या ६ किलोमीटर पायऱ्या. बहुतेकांचे गुडघे इथेच बोलू लागतात. म्हणून दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा जिना चढा आणि लिफ्ट न घेता उतराही; मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतरण्याचाच सराव लागतो. काठ्या चढापेक्षा थोड्या लांब करा, काठी आधी खालच्या पायरीवर टेका, मग पाय. बूट पुढे बोटभर सैल हवेत, नखं आदल्या दिवशी कापलेली हवीत, नाहीतर अंगठे काळेनिळे होतात. परतीचं विमान त्या रात्रीचं घेऊ नका.