किरणोत्सर्गावर लोकांशी बोलताय? या चुका टाळा

जनसुनावणीला निघालेल्या नव्या तज्ज्ञाच्या लॅपटॉपमध्ये एक स्लाइड हमखास असते: केळ्याची. "केळ्यातसुद्धा किरणोत्सर्ग असतो, मग घाबरता कशाला?" ती स्लाइड आजच काढून टाका.

मीही एकदा हे बोललो होतो. सभागृह गच्च भरलेलं. मागच्या रांगेतून रसायनशास्त्राच्या एक शिक्षिका उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं. सीझियमचं तसं होतं का?" बाईंचं बरोबर होतं. केळ्यातला किरणोत्सर्ग येतो तो त्यातल्या पोटॅशियममुळे. शरीर पोटॅशियमची पातळी जवळपास कायम राखतं, त्यामुळे चार केळी जास्त खाऊन वर्षाचा किरणोत्सर्गाचा डोस फारसा वाढत नाही. सीझियम-१३७ ला, म्हणजे अणुभट्टीत तयार होणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याला, अशी ठरलेली पातळी नाही. जितकं पोटात जाईल तितका डोस वाढतो. मी गप्प. त्यानंतरचे माझे सगळे आकडे खरे होते, पण ऐकतंय कोण?

तेव्हापासून मी सरळ दोन आकडे फळ्यावर लिहितो. निसर्गातून माणसाला वर्षाला मिळतात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक). प्रकल्पांमुळे सामान्य लोकांना त्यावर मिळणाऱ्या जादा डोसची शिफारस केलेली मर्यादा, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. एक्स-रेचं उदाहरणही देत नाही. एक्स-रे माणूस स्वतःच्या गरजेसाठी काढतो. शेजारची अणुभट्टी त्यानं मागितलेली नसते.

मायक्रोसिव्हर्ट आणि मिलिसिव्हर्ट एकाच भाषणात मिसळू नका. हजारपटीचा फरक आहे.

"धोका शून्य" म्हणू नका. संरक्षणाचे नियमच मुळात थोड्या डोसलाही थोडा धोका धरून बेतलेले आहेत.

आता माझी सर्वांत आवडती, म्हणजे डोक्यात जाणारी चूक: जागा ठरवून झाल्यावर लोकांचं 'मत मागवणं'. वरातीमागून घोडं. अमेरिकेनं १९८७ मध्ये कायदा बदलून अणुकचऱ्यासाठी नेव्हाडातल्या युक्का माउंटन या एकाच जागेचा अभ्यास करायचं ठरवलं. २००२ मध्ये नेव्हाडाच्या राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, मोडून काढला. एवढं करून, अब्जावधी डॉलर खर्चून, कचरा काही तिथे गेला नाही. फिनलंडच्या कायद्यात स्थानिक परिषद साफ 'नाही' म्हणू शकते आणि तो नकार सरकारलाही ओलांडता येत नाही. तिथल्या एउरायोकी गावाच्या परिषदेनं २००० मध्ये अणुकचऱ्याच्या जागेला 'हो' म्हटलं. तिथे आधीपासूनच अणुभट्ट्या होत्या, लोकांना सवय होती, हे मान्य. पण "लोकांना विचारत बसलो तर वेळ जाईल" म्हणणाऱ्या घाईच्या साहेबांनी ही दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत.

पक्कं कळेपर्यंत आकडे दाबून ठेवणं ही तितकीच वाईट खोड. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघाताच्या वेळी किरणोत्सर्ग कुठे पसरेल याचे संगणकी अंदाज निघत होते, पण नामिए गावापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. गावातले हजारो लोक वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन थांबले, आणि प्रदूषित ढग नेमका तिकडेच गेला. मी कच्चा आकडाही सांगतो, फक्त कच्चा आहे असं सांगून.

आणि सभेत किरणोत्सर्ग मोजायचा मीटर स्वतःच्या हातात धरू नका. मी तो सर्वांत चिडलेल्या माणसाकडे देतो आणि आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगतो. एकदा बॅटरीच उतरलेली निघाली. तेही त्यानंच सगळ्यांना वाचून दाखवलं.