रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे

आमचे आप्पा सुरत–भुसावळ लाइनवर स्टेशन मास्तर होते. पुढच्या स्टेशनला फोन लावून ते ‘लाइन क्लिअर’, म्हणजे गाडी सोडायची परवानगी मागायचे. तिकडचा मास्तर परवानगीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर सांगायचा, आप्पा तो मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि रजिस्टरात लिहायचे. मगच सिग्नल पडायचा. ऐकलेलं परत कशाला म्हणायचं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे कानाला हेडसेट लावून विमानात बसले आणि पहिली बोलणी खाल्ली ती नेमकी याच गोष्टीवरून.

खान्देशातल्या पोरांना विमान शिकायला आता फार लांब जावं लागत नाही. विमानतळ प्राधिकरणाने नव्या धोरणात प्रशिक्षण संस्थांसाठी पहिल्यांदा जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होतं. मेडिकल, फी, बँकेचं कर्ज यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगतेय ते एअर रेग्युलेशन्सच्या, म्हणजे पायलटच्या परीक्षेतल्या हवाई नियमांच्या पेपरबद्दल. पास व्हायला सत्तर टक्के लागतात म्हणून पोरं तो घोकतात, आणि विमानात बसल्यावर विसरतात.

आधी एवढं धरा: आकाश रिकामं दिसलं तरी बेवारस नसतं. देशाचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा मोठ्या विभागांत वाटलेलं आहे. आपण मुंबईच्या विभागात येतो. त्याच्या आत वर्ग असतात. आंतरराष्ट्रीय यादी ए ते जी अशी सात वर्गांची. शिकाऊ पायलटला रोज भेटतात ते मुख्यतः डी आणि जी. नियंत्रित विमानतळाभोवतीचं आकाश डी. तिथे रेडिओवर बोलून परवानगी मिळाल्याशिवाय शिरायचं नाही. जी म्हणजे अनियंत्रित आकाश.

माझा गोंधळ डीमध्येच झाला. मला वाटायचं, कंट्रोलर आहे म्हणजे तो सांभाळेल. तसं नाही. डोळ्यांनी बघत उडणाऱ्या, म्हणजे व्हीएफआर विमानाला डीमध्ये इतर विमानांची माहिती मिळते. अंतर राखायची जबाबदारी आपली. दहा हजार फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं १००० फूट लांब राहायचं. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यावर धुळीचा असा पडदा धरतो की सातपुडा आहे की नाही, कळत नाही. अशा दिवशी पाच किलोमीटर हा आकडा परीक्षेतला राहत नाही.

आता ती बोलणी. टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत धावपट्टीकडे निघाले होते. टॉवरने, म्हणजे विमानतळावरच्या कंट्रोलरने, धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं. मी ऐटीत म्हटलं, “रॉजर.” टॉवरने तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मी पुन्हा रॉजर. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने ब्रेक दाबले आणि विचारलं, “रॉजर म्हणजे काय?” मी म्हटलं, “हो.” रॉजर म्हणजे फक्त ‘तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं’. ‘हो’साठी अफर्म. ‘सांगितलंत तसं करते’ यासाठी विल्को. पण धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, उड्डाण, उतरणं, क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी), ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड, क्यूएनएच (उंचीच्या यंत्रावर लावायचा हवेचा दाब) या गोष्टींना विल्कोही चालत नाही. जे सांगितलं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. थेट आप्पांचा प्रायव्हेट नंबर!

परत म्हणून दाखवल्याने सगळं सुरक्षित होतं असं मात्र समजू नका. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. एकाला १४ हजार फूट, दुसऱ्याला १५ हजार फूट उंची दिलेली होती. वरचं विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं.

क्यूएनएचबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो आकडा सगळे घाईत ऐकतात. उंची दाखवणारं यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं. त्या दिवशीचा दाब त्याला आपण सांगायचा. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट. टॉवरने १००३ सांगितलं आणि तुमच्या यंत्रावर १०१३ राहिलं, तर काटा दाखवतो त्याहून तुम्ही जवळपास ३०० फूट खाली असता. सपाट केळीच्या बागांवर निभावेल. सातपुड्याकडे तोंड असेल तर नाही.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उलटी पंचाईत. विचारायला कोणी नसतं, म्हणून सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, आपण कुठे आहोत ते स्वतःच सांगत राहायचं: डाउनविंड (धावपट्टीला समांतर), बेस (तिच्याकडे वळताना), फायनल (उतरायला सरळ समोर). उत्तर आलं नाही म्हणजे आकाश मोकळं, असं नाही; समोरच्याचा रेडिओ बंद असू शकतो. तुमचाच बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा रेडिओ बंद असल्याचा कोड लावा आणि टॉवर असेल तिथे त्याच्या इशाऱ्याच्या दिव्याकडे बघा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा.

मला हे वाचून आलं नाही, बोलून आलं. सुट्टीत अमळनेरला गेले की गच्चीवर खडूने धावपट्टी आखते. एका टोकाला ०९, दुसऱ्याला २७. म्हणजे साधारण ९० आणि २७० अंश. आप्पा खुर्चीत बसून टॉवर होतात. कागदावरून इंग्रजी वाक्यं वाचतात, मी चालत चालत परत म्हणते. एक शब्द गाळला की ते पुढचं वाक्य देतच नाहीत. जिन्यातून आजी ओरडते, “तो तुले काय सांगस व?” मी आजीकडे बघते, तेवढ्यात आप्पा वारा बदलून धावपट्टी २७ करतात.

मी अजून ०९ वरच उभी.