जुनी लेन्स, नवा कॅमेरा: घेताना हे तपासा

मिररलेस कॅमेऱ्यावर कमी खर्चात सुंदर पोर्ट्रेट काढायचे असतील, तर एम४२ स्क्रू माउंटची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची जुनी लेन्स शोधा. माझी पहिली पसंती सोव्हिएत बनावटीच्या हेलिओस ४४-२ ला, म्हणजे ५८ एमएम एफ/२. फोटोत मागे असलेली झाडांची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात, तो तिचा खास गुण. शिवाय आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणारं अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कड्यानेच चालतं, त्यामुळे अडॅप्टरवर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर) काही अडत नाही.

घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये हे हमखास सापडतं. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. बारीक धूळ मात्र फोटोत दिसत नाही. फोकसचं कडं सलग फिरतंय का आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का, तेही पाहा.

एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणून मधल्या जागेत काच नसलेला साधा अडॅप्टर पुरतो. निकॉनच्या डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) अंतर ४६.५ मिमी, तिथे साध्या अडॅप्टरने दूरचं फोकस होतच नाही. निकॉन डीएसएलआरवाल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

अशी लेन्स कॅमेरा ओळखत नाही, म्हणून त्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा आणि फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर हीच लेन्स फुल-फ्रेमवरच्या साधारण ८७ एमएमसारखी दिसते, चेहऱ्यांसाठी अगदी छान.