सावकाश बुद्धिबळासाठी जोडीदार कसा शोधायचा आणि डाव कसा ठरवायचा

समोरासमोर बसायला वेळ नाही म्हणून बुद्धिबळ सुटलं असं सांगणारे खूप भेटतात, त्यांना मी म्हणतो दोन दिवसांनी एक चाल खेळा, चालू दे की डाव चार महिने. १८२८ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद पत्रांतून असेच खेळले होते, आपल्याकडे तर मोबाईल आहे. जोडीदार मिळतो हो, पण तो टिकणार की नाही हे बहुतेक पहिल्या चालीच्या आधीच ठरतं, म्हणून ते ठरवण्याबद्दलच जास्त लिहितोय.

आधी ओळखीत शोधा. शाळेत खेळलेला मित्र, जुन्या ऑफिसातलं कोणी, परदेशातला भाऊ-बहीण. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो, फोन करायचा म्हटलं तर वेळ जुळत नाही पण डावात त्याची काहीच अडचण नाही, तो झोपतो तेव्हा मी विचार करतो. ग्रुपवर "कोणी खेळणार का" असं मोघम टाकलं की सगळे अंगठा दाखवतात आणि खेळत कोणीच नाही, त्यापेक्षा एकेकाला वेगळं विचारा.

ओळखीत कोणी नसेल तर लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट, फुकट आहे. खातं उघडून कॉरस्पॉन्डन्स, म्हणजे असा सावकाश, डाव लावा, चालीला १ ते १४ दिवस ठेवता येतात, मी ३ ठेवतो. चेस डॉट कॉमवर यालाच डेली म्हणतात आणि तिथे समोरच्याचे किती टक्के डाव वेळ संपून गेले ते प्रोफाईलवर दिसतं, रेटिंगच्या आधी ते बघा! अगदी गंभीरपणे खेळायचं असेल तर आयसीसीएफ ही जागतिक संघटना आहे, १९५१ पासूनची, पण तिथे इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, वापरायला परवानगी आहे, त्यामुळे तो खेळच वेगळा होतो.

आता ठरवायच्या गोष्टी. चालीला किती दिवस. इंजिन नाही हे स्पष्ट बोलून घ्या, ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं बघायची का तेही (लिचेस आणि चेस डॉट कॉमवर पुस्तकं चालतात, इंजिन नाही). गणपती, दिवाळी, परीक्षा, लग्नसराई यात डाव थांबवायचा का. आणि एकदम दोन डाव सुरू करा, एकात पांढरी तुमची, एकात त्याची, म्हणजे एक डाव बिघडला तरी दुसऱ्यासाठी माणूस येतो.

व्हॉट्सॲपवर किंवा पोस्टकार्डावर खेळणार असाल तर चाल लिहिण्याची पद्धत आधी पक्की करा. मी एकदा "घोडा डी२" असं पाठवलं, माझे दोन्ही घोडे तिथे जाऊ शकत होते, एक बी१ वरचा आणि एक एफ३ वरचा, समोरच्याने भलताच हलवला आणि पाच चालींनी कळलं की आमचे पटच वेगळे झालेत. चांगला रंगलेला डाव गेला, अजून वाईट वाटतं. त्यावर उपाय म्हणजे आकडी पद्धत, पटाच्या ए ते एच या उभ्या रांगांना १ ते ८ आकडे द्यायचे, निघालेलं घर आणि पोचलेलं घर मिळून चार आकडे. म्हणजे बी१ वरचा घोडा डी२ ला गेला तर २१४२, एफ३ वरचा गेला तर ६३४२, गोंधळाला जागाच नाही. शिवाय प्रत्येक वेळी चालीचा नंबर, त्याची शेवटची चाल आणि मग तुमची, असं तिन्ही लिहा. मोहऱ्यांची मारामारी ठरलेलीच असेल तर "तू मारलंस तर मी पण मारणार" असं आधीच कळवून टाका, आठवडा वाचतो.

समोरचा गप्प झाला तर दोन दिवस जादा द्या, मग सरळ फोन करून विचारा, डावाबद्दल नाही, बरा आहेस ना म्हणून. माझे दोन बंद पडलेले डाव अशा फोनवरच पुन्हा सुरू झाले.