एमएसडब्ल्यूनंतर (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर) नोंदणी कुठे आणि कशी करावी

भारतात व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण १९३६ साली मुंबईत, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत सुरू झाले. तरीही डॉक्टर किंवा वकिलांप्रमाणे सर्व समाजकार्यकर्त्यांना लागू होईल असा एकच परवाना देशात आजवर आलेला नाही. अपंगत्व, बालहक्क, मानसिक आरोग्य असे प्रश्न एकेक करून ऐरणीवर आले, त्यांच्यासाठी कायदे झाले आणि प्रत्येक कायद्याने आपल्यापुरती समाजकार्यकर्त्याची पात्रता ठरवली. त्यामुळे आपण कोणत्या प्रश्नावर काम करणार आणि त्या कामाला कोणता कायदा लागू होतो, हे आधी ठरवावे. अर्ज, कागदपत्रे आणि शुल्क यांचा विचार त्यानंतरच करावा.

मनोरुग्णालयात किंवा मानसोपचार विभागात काम करायचे असेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील व्याख्या मुळातून वाचावी. मानसिक आजाराची व्यक्ती ही हक्क असलेली नागरिक आहे, ही भूमिका या कायद्याने घेतली आणि त्याबरोबर तिच्यावर उपचार करणाऱ्यांची पात्रताही काटेकोरपणे सांगितली. मनोसामाजिक कार्यकर्ता (सायकियाट्रिक सोशल वर्कर) म्हणवून घेण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, पर्यवेक्षित प्रशिक्षण असलेले एम.फिल. किंवा नियमांनी विहित केलेली अन्य पात्रता लागते. अशा व्यक्तींची नोंदणी करण्याचे आणि त्यांची यादी प्रसिद्ध करण्याचे काम या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे दिले आहे. केवळ एमएसडब्ल्यूवर या यादीत येता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

येथे एक अडचण आहे आणि ती विद्यार्थ्यांनी निर्माण केलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल. पदवी बंद केली; कायद्याच्या व्याख्येत मात्र तीच पदवी नाव घेऊन लिहिलेली होती. पुढे आयोगाने चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोसामाजिक कार्य या दोन विषयांपुरती तिची मुदत २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली. मानसिक आरोग्यसेवेची गरज वाढत असताना तिच्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाची वाट अशी मुदतवाढीवर अवलंबून राहावी, हे मला योग्य वाटत नाही. प्रवेश घेणाऱ्याने मात्र बंगळूरची निम्हान्स असो किंवा रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था असो, त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचून आपल्याला मिळणारी पदवी २०१७ च्या व्याख्येत किंवा तिच्याखालील नियमांत बसते का, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर दोन वर्षे घालवू नयेत.

सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात त्या स्वरूपाच्या कामासाठी, राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ पाहावा. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, मनोसामाजिक आणि चिकित्सा समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे आणि नोंदणी राज्य परिषदेमार्फत व्हावी, अशी त्याची रचना आहे. हा कायदा अभ्यासक्रमाचा कालावधी तासांत मोजतो. त्यामुळे आपल्या विद्यापीठाकडून वर्ग आणि क्षेत्रकार्य यांचे तास स्वतंत्रपणे नमूद केलेले प्रमाणपत्र आजच घेऊन ठेवावे.

दिव्यांगांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ आहे आणि पुनर्वसन समाजकार्यकर्ता हा त्यातील एक वर्ग आहे. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच केंद्रीय नोंदवहीत नाव लागते, आणि नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि ॲसिड हल्ल्याचे बळी त्यात आले. जुन्या अभ्यासक्रमात न शिकलेले हे विषय निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम निवडताना आधी घ्यावेत.

बालकांच्या क्षेत्रात नोंदवहीपेक्षा नियुक्तीला महत्त्व आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यांतील सात वर्षांचा सक्रिय अनुभव हा या पदाचा एक निकष आहे. बालकल्याण समितीच्या पात्रतेत समाजकार्याच्या पदवीचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ च्या दुरुस्तीने बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेल्यांना समितीवर येण्यापासून रोखले. बालगृह चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर अर्जापूर्वी या अटीचा विचार करावा. पोक्सो खटल्यांत पीडित बालकाची सहाय्यक व्यक्ती म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा व्यक्तींची नोंदवही तो कक्ष ठेवतो.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी अर्ज बहुधा कागदपत्रांवर अडतो. टाटा संस्थेची पदवी एमए आहे, एमएसडब्ल्यू नव्हे. जाहिरातीत फक्त एमएसडब्ल्यू लिहिले असेल, तर पदवी समाजकार्यातीलच असल्याचे विद्यापीठाचे पत्र जोडावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत सोबत ठेवावी. अनुभवाचे पत्र नोकरी सोडताना नव्हे, तर दरवर्षी घ्यावे, कारण प्रकल्पाचा निधी संपला की संस्था बंद होते आणि सात वर्षांतील तीन वर्षांचा पुरावाच उरत नाही. त्या पत्रात पदनामापेक्षा कामाचे वर्णन महत्त्वाचे असते: किती वयोगटातील मुले, गृहभेटी की समुपदेशन, पर्यवेक्षक कोण. मात्र लाभार्थींची नावे किंवा ओळख पटेल असा तपशील अर्जात कधीही देऊ नये.

इंग्लंडला जाणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. तेथे ‘सोशल वर्कर’ हे पदनाम कायद्याने संरक्षित असून नोंदणी सोशल वर्क इंग्लंड ही संस्था करते, तीही दरवर्षी नूतनीकरणाच्या अटीवर. परदेशी पदवीची तपासणी करताना ती अभ्यासक्रमाचा आशय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहते. म्हणून क्षेत्रकार्याच्या अहवालांची पर्यवेक्षकाच्या सहीची प्रत महाविद्यालय सोडण्यापूर्वीच मिळवावी.